बालसुरक्षा आणि चर्च : नियम रोमचे, कायदा देशाचा

धर्मगुरूंकडून होणारे बालकांचे लैंगिक शोषण रोखण्यासाठी आणि तसा प्रकार घडल्यास कारवाई करण्यासाठी कॅथलिक चर्चने गेल्या पाव शतकात अनेक नियम केले. पोपच्या आदेशांपासून धर्मप्रांतातील समितीपर्यंत त्यांची उतरंड आहे. भारतात याच काळात ‘बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२’ म्हणजेच ‘पॉक्सो’ कायदा आला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो अमलात आहे आणि देशातील कोणतीही धर्मसंस्था त्याच्या कक्षेबाहेर नाही. चर्चची चौकशी आणि पोलिसांचा तपास या दोन स्वतंत्र गोष्टी असून, पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही. ही साधी बाब विसरली गेली की बालकाचे नुकसान होते, असे आजवरच्या प्रकरणांतून दिसून आले आहे.

हा प्रश्न केवळ महानगरांतील मोठ्या चर्चपुरता नाही. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीसारख्या तालुक्यात ख्रिस्ती समाज अगदी थोडा आहे. परंतु गाव सोडून वसतिगृहात किंवा निवासी शाळेत राहून शिकणारी मुले पूर्व विदर्भात सर्वत्र आढळतात. शाळा शासकीय असो, खासगी असो वा एखाद्या धर्मसंस्थेची असो, पालक दूर आणि अधिकारी व्यक्ती जवळ ही स्थिती तेथे सारखीच असते. त्यामुळे रोममध्ये लिहिलेला नियम किंवा दिल्लीत झालेला कायदा अशा ठिकाणच्या मुलापर्यंत पोहोचतो का, हीच त्याची खरी कसोटी ठरते.

प्रश्न जगासमोर कसा आला?

अमेरिकेतील ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने जानेवारी २००२ मध्ये बोस्टन महाधर्मप्रांतातील प्रकरणे उजेडात आणली. एका धर्मगुरूविरुद्ध तक्रारी येऊनही त्याची केवळ बदली होत राहिली, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी बिशपांनी डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. २००४ मध्ये जॉन जे महाविद्यालयाने केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २००२ या काळात अमेरिकेतील ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते. हे प्रमाण त्या काळातील एकूण धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के होते.

आयर्लंडमध्ये २००९ साली दोन चौकशी अहवाल प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात सर्वच संस्थांची चौकशी केली. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, १९५० पासून सुमारे २ लाख १६ हजार बालके धर्मगुरू व धर्मसंघीयांच्या अत्याचाराला बळी पडल्याचा अंदाज वर्तवला. हा प्रश्न एका पंथापुरताही मर्यादित नाही. चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वात वरिष्ठ बिशप, कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना एका जुन्या प्रकरणाच्या हाताळणीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये पदत्याग जाहीर करावा लागला.

या सर्व अहवालांत अपराधाइतकाच भर अपराध झाकण्याच्या पद्धतीवर आहे. तक्रार वरिष्ठांकडे गेली, तेथेच थांबली, आरोपीची बदली झाली आणि नव्या ठिकाणी नवी मुले त्याच्या संपर्कात आली, हा क्रम अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळला. नंतरचे नियम समजून घेताना हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण तो तोडणे हाच त्यांचा मुख्य हेतू आहे.

रोमचे नियम

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००१ रोजी काढलेल्या आदेशाने धर्मगुरूंनी केलेल्या बाल लैंगिक शोषणाची प्रकरणे व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांतविषयक खात्याकडे सोपवण्यात आली. पीडिताची वयोमर्यादा अठरा वर्षे करण्यात आली. २०१० मधील दुरुस्तीने कारवाईची मुदत वाढली. ही मुदत पीडित व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यापासून वीस वर्षे मोजली जाते. पुढे ३ मे २०११ रोजी याच खात्याने जगभरातील बिशप परिषदांना पत्र पाठवून, वर्षभरात आपापल्या देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले.

पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत २०१४ मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. २०१६ च्या आदेशाने, अशा प्रकरणांत हलगर्जी करणाऱ्या बिशपला पदावरून दूर करण्याची तरतूद झाली. २१ ते २४ फेब्रुवारी २०१९ या काळात जगभरातील बिशप परिषदांच्या अध्यक्षांची बैठक व्हॅटिकनमध्ये झाली. त्यानंतर मे महिन्यात ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश निघाला. तो १ जून २०१९ पासून तीन वर्षांसाठी प्रायोगिक तत्त्वावर लागू झाला आणि २०२३ मध्ये त्याला कायम स्वरूप मिळाले.

या आदेशातील काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक धर्मप्रांताने तक्रार स्वीकारण्यासाठी लोकांना सहज पोहोचता येईल अशी कायमस्वरूपी व्यवस्था उभारली पाहिजे. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी यांना असा प्रकार कळल्यास त्यांनी तो चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. तक्रार केली म्हणून त्याला त्रास देणेही निषिद्ध आहे. देशाच्या कायद्यानुसार शासकीय यंत्रणेला माहिती देण्याचे जे कर्तव्य असेल, त्याला या आदेशाने बाधा येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आरोप खुद्द बिशपवर असेल तर प्राथमिक चौकशी साधारणपणे त्या प्रांताच्या आर्चबिशपकडे जाते. उदाहरणार्थ, अमरावती व औरंगाबाद हे धर्मप्रांत नागपूर प्रांतात मोडतात. तेथील बिशपविरुद्ध तक्रार आल्यास नागपूरच्या आर्चबिशपांना व्हॅटिकनच्या अनुमतीने चौकशी करावी लागेल. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील ‘पोंटिफिकल सिक्रेट’ म्हणजे विशेष गोपनीयतेचे बंधन उठवण्यात आले. त्यामुळे चर्चच्या दप्तरातील कागदपत्रे तपास यंत्रणांना देण्यास ‘गोपनीयता’ हे कारण उरले नाही. चर्चच्या दंडसंहितेचे सुधारित रूप ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यात बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा समावेश मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांत करण्यात आला. पूर्वी तो धर्मगुरूच्या ब्रह्मचर्यविषयक कर्तव्याचा भंग या सदरात होता. हा बदल वरवर तांत्रिक भासला तरी अपराध नेमका कोणाविरुद्ध घडला, याचे उत्तर त्याने बदलले.

चर्चच्या प्रक्रियेतील कमाल शिक्षा म्हणजे धर्मगुरुपदावरून कायमची बडतर्फी. कारावास देण्याचा अधिकार बिशपला नाही. तो अधिकार फक्त न्यायालयाचा आहे.

भारतातील कार्यपद्धती

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांसाठी २०१५ मध्ये कार्यपद्धती निश्चित केली. व्हॅटिकनने २०११ मध्ये दिलेली एक वर्षाची मुदत तेव्हा उलटून गेली होती. २०१७ मध्ये परिषदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

प्रोटेस्टंट चर्चची रचना वेगळी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा अन्य स्वतंत्र चर्च यांना पोपचे आदेश लागू नाहीत. त्यांचे अंतर्गत नियम ज्याचे त्याचे आहेत. देशाचा कायदा मात्र सर्वांना एकच आहे.

कायदा काय म्हणतो?

पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग तो मुलगा असो वा मुलगी. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा सेवेतील व्यक्तीने त्या संस्थेतील बालकावर अत्याचार केल्यास कलम ५ व ९ नुसार तो ‘गंभीर’ स्वरूपाचा अपराध ठरतो. म्हणजेच धर्मगुरुपद, पुजारीपण, मौलवीपण किंवा शिक्षकपद ही ढाल न राहता शिक्षा वाढवणारी बाब होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मधील गंभीर अंतर्वेशी लैंगिक आक्रमणासाठी किमान वीस वर्षे कारावासाची शिक्षा आहे. ती आजन्म कारावास किंवा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते.

कलम १९ हे या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिली पाहिजे. आधी संस्थेची चौकशी, मग पोलीस असा क्रम कायद्यात नाही. माहिती न देणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीचा अपराध दडवल्यास कारावास एक वर्षापर्यंत असून दंडही आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समिती व विशेष न्यायालयाला कळवले पाहिजे. सुनावणी बंद दालनात होते आणि साक्षीच्या वेळी बालक आरोपीसमोर येणार नाही याची दक्षता घेतली जाते. बालकाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

कन्फेशनचा पेच

कॅथलिक श्रद्धेनुसार कन्फेशनमध्ये, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. हे बंधन मोडणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत व्हावे लागते. व्हॅटिकनने जून २०१९ मध्ये या बंधनाचा पुनरुच्चार केला. पॉक्सोच्या कलम १९ मध्ये मात्र धर्मगुरूंसाठी अपवाद नाही. भारतीय पुरावा कायद्यात वकील व अशील किंवा पती व पत्नी यांच्यातील संवादाला संरक्षण होते. धर्मगुरूंशी झालेल्या संवादाला ते नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही स्थिती तीच आहे. हा पेच खरा असला तरी त्याची व्याप्ती मर्यादित आहे. पालकांनी कार्यालयात येऊन सांगितलेली घटना, मुलाने शिक्षिकेला दिलेली माहिती किंवा बिशपला आलेले पत्र यांपैकी काहीही कन्फेशन नव्हे.

मुंबईचा खटला

मुंबईतील गोवंडीच्या शिवाजीनगर भागात नोव्हेंबर २०१५ मध्ये एका धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर चर्चमध्ये अत्याचार केल्याचे प्रकरण महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चिले गेले. विशेष पॉक्सो न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्या धर्मगुरूला दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. विशेष न्यायालयाने शक्यतो एका वर्षात खटला निकाली काढावा, असे पॉक्सोचे कलम ३५ सांगते. येथे घटनेपासून निकालापर्यंत सहा वर्षे लागली. तेरा वर्षांचा मुलगा निकालाच्या दिवशी सज्ञान झालेला होता.

या प्रकरणाची दुसरी बाजू चर्चच्या प्रतिसादाची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये, व्हॅटिकनमधील बैठकीच्या तोंडावर, बीबीसीने या घटनेविषयी वृत्त दिले. कुटुंबाने मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्याकडे धाव घेतली होती, पण चर्चने पोलिसांना तत्काळ कळवले नाही, असा आक्षेप त्यात होता. कार्डिनलांनी त्या वृत्तात आपली बाजू मांडली होती. ते त्या बैठकीच्या आयोजकांपैकी एक असल्याने या वृत्ताची जगभर दखल घेतली गेली. त्यातून पुढे आलेला प्रश्न कोणा एका व्यक्तीपुरता नव्हता. श्रद्धाळू कुटुंब संकटात सापडले की ते प्रथम आपल्या धर्मगुरूंच्या वरिष्ठांकडे जाते. अशा वेळी वरिष्ठाने सांत्वनाबरोबर पहिली कोणती कृती करावी, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे.

‘माहिती’ म्हणजे काय?

कलम १९ मधील ‘माहिती असणे’ याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वेळा ठळकपणे आला. केरळमधील कोट्टियूर येथील प्रकरणात एका धर्मगुरूला फेब्रुवारी २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती दहा वर्षांवर आणली. या प्रकरणातील अल्पवयीन मुलीची प्रसूती ज्या रुग्णालयात झाली, तेथील काही जणांवरही माहिती न दिल्याचा आरोप होता. त्यांना अपराधाची माहिती होती असे दाखवणारा पुरावा नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांना आरोपमुक्त केले.

दुसरे प्रकरण विदर्भातील आहे आणि त्याचा धर्मगुरूंशी संबंध नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरवला. अल्पवयीनावरील लैंगिक अपराधाची माहिती असूनही ती न देणे हा गंभीर अपराध असून, त्यातून बहुतेकदा गुन्हेगाराला पाठीशी घातले जाते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, हा निकाल लागू पडतो.

सडक अर्जुनीतून दोन वाटा

या सर्व तरतुदी प्रत्यक्षात कशा चालतात, हे उदाहरणादाखल सडक अर्जुनी तालुक्यावरून पाहता येईल. समजा, तेथील एखाद्या वसतिगृहातील मुलाने आपल्या आईला असा प्रकार सांगितला आणि संशयित व्यक्ती धर्मगुरू आहे. तिच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट चर्चची. गोंदिया जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. त्याचे मुख्यालय शंभरहून अधिक किलोमीटर अंतरावर नागपूरला आहे. तक्रार तेथे पोहोचली की प्राथमिक चौकशी होते, संशयिताला कामापासून दूर ठेवता येते आणि कागदपत्रे पुढे व्हॅटिकनला जातात. या प्रक्रियेतून त्याचे धर्मगुरुपद जाऊ शकते. मात्र तिच्यातून वैद्यकीय पुरावा गोळा होत नाही, अटक होत नाही आणि भरपाईचा न्यायालयीन आदेशही निघत नाही.

दुसरी वाट कायद्याची. तक्रार डुग्गीपार पोलीस ठाण्यात किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर करता येते. तेथून ती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे आणि गोंदियाच्या न्यायालयाकडे जाते. वैद्यकीय तपासणी, जबाब व पुनर्वसन या बाबी याच वाटेवर आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून असलेल्या मनोधैर्य योजनेतून पीडित बालकाला अर्थसाहाय्य व समुपदेशन मिळू शकते.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. परंतु पहिल्या वाटेवर थांबून दुसरीला उशीर झाला, तर वैद्यकीय पुरावा नष्ट होतो, साक्षीदारांवर दबाव येतो आणि मूल बोलायचे थांबते. गाव लहान आणि संस्थेचे उपकार मोठे असतील, तर हा दबाव अधिकच जाणवतो. त्यामुळे चर्चचे धोरण चांगले की नाही, हे ठरवण्याचे पहिले माप म्हणजे तक्रार आल्यापासून पोलिसांना कळवेपर्यंत किती वेळ गेला, हेच असले पाहिजे.

धोरणात काय हवे?

प्रतिबंधाचा भाग दंडाइतकाच महत्त्वाचा आहे. पॉक्सो नियम, २०२० नुसार बालकांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घेणे आवश्यक आहे. बालसंरक्षण धोरण स्वीकारणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हेही त्यात येते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२२ मध्ये शाळांसाठी ‘सखी सावित्री’ समित्यांचा निर्णय घेतला. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी व तक्रारपेटी यांविषयीच्या सूचना पुन्हा देण्यात आल्या. चर्चच्या शाळाही शाळाच असल्याने त्यांना या सूचना लागू होतात.

जगभरच्या अनुभवातून पुढील बाबी सर्वमान्य झाल्या आहेत. कोणत्याही प्रौढ व्यक्तीने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये. समुपदेशनाची जागा बाहेरून दिसेल अशी असावी. वसतिगृहात रात्रीची देखरेख एकाच व्यक्तीवर सोपवू नये. धर्मगुरूची बदली झाल्यास त्याच्याविरुद्धच्या तक्रारींची नोंद त्याच्यासोबत नव्या ठिकाणी जावी. चौकशी समितीत चर्चबाहेरचे वकील, डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ असावेत आणि महिलांचा त्यात सहभाग असावा. तक्रार कोठे करायची, हे मराठीत, आणि जेथे मुले गोंडी किंवा अन्य बोली बोलतात तेथे त्या बोलीत, भिंतीवर लिहिलेले असावे. इंग्रजीत छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवलेले धोरण मुलाच्या उपयोगी पडत नाही.

पालकांसाठीही काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मुलाने सांगितलेले शांतपणे ऐकावे आणि त्याच्याकडून तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. संस्थेशी ‘आपसांत मिटवण्याची’ बोलणी करू नयेत. पोलिसांनी तक्रारीची लेखी नोंद करून ती वाचून दाखवली पाहिजे, हा तक्रारदाराचा हक्क आहे. तक्रार तोंडी असली तरी चालते. ती पालकानेच करावी असेही नाही. शेजारी, शिक्षक, स्वयंपाकी किंवा दुसरा धर्मगुरूही ती करू शकतो.

धर्मगुरूंपैकी बहुसंख्य निष्ठेने काम करतात आणि दुर्गम भागातील शिक्षणात मिशनरी शाळांचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद आहे. ही पुण्याई जपण्याचा मार्ग प्रकरणे झाकण्यातून जात नाही, हे आता चर्चच्याच नियमांनी मान्य केले आहे. वरिष्ठाकडे तक्रार घेऊन आलेल्या आईला तो त्याच दिवशी आपल्या गाडीने पोलीस ठाण्यात घेऊन गेला, असे जेव्हा नेमाने घडू लागेल, तेव्हा हे नियम कागदावरून खाली उतरले असे म्हणता येईल.